अर्धी थायरॉइड आणि दुसरीच्या गोळ्या

गळ्यात थायरॉइड नावाचं काही असतं हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. कळल्यावर तीन महिन्यांत त्यातलं अर्धं काढून टाकलं. उरलेलं अर्धं नीट काम करतंय का, हे पुढं रक्त तपासून बघत राहावं लागतं. ऑपरेशनला मी जेवढी भ्यायले नव्हते तेवढी ह्या तपासण्यांना भ्यायले, आणि त्या भीतीपायी एक मूर्खपणा केला. दुसऱ्या कुणी बाईनं तो करू नये म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. डॉक्टरी मला कळत नाही. माझं जे झालं तेवढंच सांगते.

गाठ

मी मुळशीतल्या माल्याची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. घरात मी, गोठ्यात एक म्हैस, आणि भाताची तीन खाचरं. मुलगा सुभाष घोटावड्याला फ्लॅटमध्ये राहतो, कंपनीची बस चालवतो. सून सुनीता उरवड्याला कारखान्यात पॅकिंगला जाते.

गळ्याच्या उजव्या बाजूला फुगवटा होता. पाच-सहा वर्षं तरी होता. आमच्याकडं भाताचं रोप जिथं टाकायचं ती जमीन आधी भाजतात. त्यासाठी झाडांची टहाळं तोडायची आणि भारे करून डोक्यावरून आणायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते भारे वाहिले. त्यानंच मान दबून शीर सुजली असणार, असं मी धरून चालले होते. आळीतल्या आणखी दोघींच्या गळ्याला असंच आहे, त्याही तेच म्हणतात.

दिवाळीला सुनीता आली होती. मी तांब्यानं पाणी पीत होते आणि ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली. घोट गिळला की गाठ वर-खाली होते म्हणाली. मी म्हणाले, होऊ दे, दुखत तर नाही. तिनं मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि गप्प झाली. ती एरवी गप्प बसणारी नाही, म्हणून मला पहिल्यांदा धास्ती वाटली.

पौडला सोनोग्राफी झाली, मग पुण्याच्या दवाखान्यात गाठीत सुई घालून पाणी काढलं. आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. तरुण होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. सुईवरून नक्की कळत नाही म्हणाल्या, ती बाजू काढून तपासली तरच कळेल. मी सरळ विचारलं, कॅन्सर आहे का.

"आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही आज म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या.

ह्यापेक्षा आहे म्हणाल्या असत्या तर बरं, असं मला त्या क्षणी वाटलं. सुभाष गाडी आणायला गेला तेव्हा मी बाकावर बसून भिंतीवरच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या. चपला बाहेर काढा. शांतता राखा. थुंकू नये. एकेक पाटी तीनतीनदा वाचली.

दवाखान्यातले दिवस

ऑपरेशन माघात झालं. आदल्या दिवशी नर्सनं अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं. नाकातली मोरणी चाळीस वर्षं काढली नव्हती. तिनं साबण लावून, फिरवून फिरवून काढली आणि कागदाच्या पुडीत बांधून सुनीताच्या हातात दिली. त्या पुडीकडं बघून मला रडू आलं. मेल्यावर काढतात तसं वाटलं. सुनीतानं तोंड फिरवलं, म्हणजे तिलाही तसंच वाटलं असावं.

शुद्धीवर आले तेव्हा आवाज नव्हता. हाक मारायला गेले तर नुसती हवा. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं, थोडे दिवस जातील. पण सांगणं वेगळं. दोन दिवस मी पांघरुणात तोंड घालून एक ते दहा आकडे म्हणून बघत होते, आवाज उमटतो का म्हणून. तिसऱ्या दिवशी झाडू मारायला येणाऱ्या बाईनं मला बघितलं आणि म्हणाली, "आजी, धाच्या फुडं बी आकडं असत्यात." मी हसले आणि हसताना आवाज फुटला. बारका, घोगरा, पण माझा. ती रोज माझा चहा बशीत ओतून फुंकून द्यायची. तिचं ते काम नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी गाठीचा रिपोर्ट आला. साधी गाठ. सुभाषनं दवाखान्याच्या दारातच सगळ्यांना फोन लावले. मला वाटलं, सुटलो.

आकडा

मग डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं. गळ्यातली ही गोष्ट शरीराला चालतं ठेवते. अर्धी काढली आहे. उरलेल्या अर्धीनं सगळं काम उचललं तर छान, गोळी नको. नाही उचललं तर रोज सकाळी एक छोटी गोळी, कायमची. कुणाला लागते, कुणाला लागत नाही, आधी सांगता येत नाही. दीड महिन्यानं रक्त तपासायचं.

त्यात टीएसएच म्हणून एक आकडा असतो. तो वाढला की वाईट. मला ते उलटं वाटलं, म्हणून मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, थायरॉइड कामाला ढिली पडली की मेंदू तिच्यावर ओरडतो, टीएसएच म्हणजे ते ओरडणं. हे मला कळलं. रोजगार हमीच्या कामावर आमचा मुकादम असाच होता.

म्हैस शेजारणीकडं सोपवून दीड महिना मी सुभाषकडं राहिले. चौथा मजला. सकाळी सातला दोघं कामाला जायची आणि बाहेरून लॅच ओढून घ्यायची. मी दिवसभर आत. समोरच्या फ्लॅटमध्ये हिंदी बोलणारी माणसं, त्यांचंही दार बंद. बोलायला कुणी नाही. मी कुणाला दोष देत नाही, त्यांना नोकऱ्या आहेत. पण त्या घरात मला पहिल्यांदा आपण म्हातारी झालो असं वाटलं.

पहिली तपासणी पाडव्यानंतर झाली. आकडा थोडा वाढलेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यावर गोळी देत नाही, थायरॉइडला वेळ देऊ, दोन महिन्यांनी परत बघू. मी माल्याला जायचा हट्ट धरला. सुभाषनं गाडीतच मला सांगितलं.

"आई, दोन म्हैनं ऱ्हा तितं. फुडचा रिपोर्ट चांगला आला तर तुझं तू बघ. वाईट आला तर म्हस इकायची, खाचरं वाट्यानं द्यायची आन हिकडं यायचं. मंग रडायचं न्हाई."

मी बरं म्हणाले. काय म्हणणार? गळा कापलेल्या म्हातारीला एकटं ठेवलं म्हणून त्याला नातलग बोलतच होते. पण त्या दिवसापासून मला मरणाची भीती कमी आणि त्या आकड्याची जास्त वाटायला लागली.

हौसाची बाटली

घरी आल्यावर मी स्वतःला तपासत बसायचे. दुपारी झोप आली की वाटायचं, थायरॉइड बंद पडत चालली. वैशाखात पाय गार लागले. गोठ्यात शेण भरताना एकदा खाली बसले ती उठताच येईना. अर्धा तास तशीच बसून होते, म्हैस माझ्याकडं बघतेय आणि मी तिच्याकडं. म्हटलं, झालं. आकडा वाढला. आता हिला बाजार दाखवायचा.

शेजारची हौसा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिलाही थायरॉइड आहे, तिची काढलेली नाही, पण गोळी चालू आहे. तिला मी गोठ्यातलं सांगितलं. ती घरात गेली आणि तपकिरी काचेची बाटली घेऊन आली. शंभर गोळ्यांची, निम्म्याहून जास्त भरलेली.

"घे आक्का. तीच थायराड, तीच गोळी. तपासणीपत्तुर घे, आकडा कसा खाली येतोय बघ."

मी म्हणाले, तुझ्या गोळ्या मला दिल्यावर तू काय खाशील?

"मी काय रोज खाती व्हय? बरं वाटाना की खाती."

आमच्याकडं असंच चालतं. गुडघ्याची गोळी एकीची, बीपीची दुसरीची, बरं वाटलं की पुढं सरकवायची. विळा उसना देतात तशी औषधं देतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटत होतं ते एवढंच, की सुभाषला कळता कामा नये. म्हणजे आपण खोटं करतोय हे मला माहीत होतं. उगाच भोळेपणाचा आव आणत नाही.

रोज सकाळी एक गोळी घेत गेले. दोन आठवडे झाले तरी अंगात तरतरी येईना, म्हणून दोन घ्यायला लागले. तपासणीच्या सकाळीही दोन घेतल्या. पौडला सुई टोचून घेताना माझा हात थरथरत होता. रक्त घेणारी पोरगी म्हणाली, आजी घाबरू नका. मला वाटलं, भीतीचंच कापरं आहे.

उलटा रिपोर्ट

आकडा खाली आला. इतका खाली आला की कागदावर शून्याच्या पुढं टिंब देऊन आणखी एक शून्य होतं.

मी खुशीत डॉक्टरीणबाईंच्या समोर बसले. त्या हसल्या नाहीत. नाडी धरली आणि घड्याळाकडं बघत राहिल्या. छातीत धडधडतं का? धडधडत होतं. वजन कमी झालं का? झालं होतं. त्यांनी हाताची बोटं ताणून धरायला सांगितली आणि वर कागद ठेवला. कागद थडथड उडत होता. लगेच ईसीजी काढला.

"कुठली गोळी, काढा, पावडर घेताय का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. सुभाष शेजारी बसला होता.

तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, उरलेला भाग गरजेपेक्षा फार जास्त काम करतोय असं दिसतंय, हे असं व्हायला नको होतं. हृदयाला धोका आहे. आठवड्यानं एक वेगळं स्कॅन करू, त्यात औषध टोचून फोटो काढतात. त्यावरून ठरवू, कदाचित दुसऱ्या बाजूचंही काहीतरी करावं लागेल.

दुसऱ्या बाजूचंही. म्हणजे पुन्हा टेबल, पुन्हा मोरणीची पुडी.

त्या आठ दिवसांसारखे दिवस माझ्या वैऱ्याला येऊ नयेत. मला सुभाषकडंच ठेवून घेतलं. गोळ्यांची बाटली माल्याला तांदळाच्या कणगीत राहिली होती, त्यामुळं त्या बंद झाल्या, पण छातीतलं पाखरू फडफडतच होतं. बंद दाराच्या आत बसून मी विचार करायचे. सांगितलं तर एकटी राहायला नालायक ठरते. नाही सांगितलं तर कदाचित चांगली असलेली थायरॉइड काढून टाकतील. आणि तिसरी शंका सगळ्यात वाईट. हे गोळ्यांनी झालंच नसेल तर? खरंच दुसऱ्या बाजूला काही असेल तर?

सुभाष आणि सुनीता स्वयंपाकघरात हळू आवाजात भांडायची. तो म्हणायचा, तू दाखवायला नेलीस म्हणून हे सगळं सुरू झालं. ती म्हणायची, नसती नेली तर आधी मलाच बोलला असतास. मला सगळं ऐकू येत होतं. माझ्या खोट्यापायी ती बोलणी खात होती, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला.

सांगितलं

स्कॅनच्या दिवशी सुनीता रजा टाकून आली. आत एका बाईनं कागद भरून घेतला. ॲलर्जी आहे का, मधुमेह आहे का, थायरॉइडची गोळी चालू आहे का. ती न बघता "नाही" लिहायला लागली, कारण आधीच्या कागदावर तेच होतं.

"थांब," मी म्हणाले. "घेतल्यात. रोज दोन. शेजारणीच्या."

तिचं पेन थांबलं. सुनीतानं माझ्याकडं असं बघितलं की मला ते अजून आठवतं. तिनं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "आई, आठ दिवस मी झोपले नाही."

स्कॅन झालं नाही. डॉक्टरीणबाई खाली आल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. तुमच्या वयात एवढ्या गोळ्यांनी हृदय बिघडून माणूस जातो, म्हणाल्या. हे कदाचित गोळ्यांचंच असेल, पण सध्या तुमचं रक्त खोटं बोलतंय. धडधड थांबायला एक औषध देते, ते सोडून काहीही घ्यायचं नाही. दीड महिन्यानं खरा आकडा बघू. मग हौसाबद्दल विचारलं. ती मनाला येईल तशी गोळी घेते हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. तिलाही आणा म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी घरी जेवताना सुभाष ताटाकडं बघत म्हणाला, "गोळीचं काय न्हाई आई. आता तू बरी हाय म्हणलीस तरी मी कसं खरं धरू?"

ज्या घरासाठी खोटं बोलले ते घर त्या खोट्यानंच जायची वेळ आली होती.

खरा आकडा

आवणी आली. रोपं लावायला माणूस मिळत नाही, म्हणून सुभाष रजा काढून मला घेऊन माल्याला आला. मी बांधावर बसून होते. ह्या वेळी अंगाला काय होतंय ते मी कुणाला विचारलं नाही आणि स्वतःलाही नाही. पण कळत होतं. चेहरा सुजला, आवाज जाड झाला, बोलता बोलता शब्द सापडेना. हौसा समोरून यायची तर मी मान खाली घालायचे आणि तीही. मग एक दिवस तीच येऊन बसली. "माज्यामुळं झालं," म्हणाली. मी म्हणाले, तुझ्यामुळं नाही, गिळल्या मीच. तिला पौडला घेऊन गेले. तिचा आकडा माझ्यापेक्षा वाईट निघाला. आता ती रोज घेते. निदान म्हणते तरी.

माझा आकडा चौदा आला. पहिल्या वेळेच्या दुप्पट. म्हणजे दुसऱ्या बाजूला वाईट काही नव्हतं, तिला काम झेपत नव्हतं एवढंच. हे ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग रस्त्याला लागल्यावर रडू आलं. छोटी गोळी चालू झाली. हौसाच्या गोळीच्या पाव ताकदीची. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या तासानं. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर. दोन महिन्यांनी परत तपासणी, मग आकडा बसेपर्यंत पुन्हा पुन्हा.

सुभाषनं म्हशीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. मी त्याला म्हणाले, गोळी पाण्यासोबत घ्यायची आहे, पाणी माल्यालाही आहे. तो हसला नाही. सुनीता मध्ये पडली. हे मला अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, पुढच्या रिपोर्टपर्यंत राहू द्या त्यांना. गोळी रोज घेतली असेल तर आकडा खाली येईल, नसेल तर येणार नाही. त्यांना विचारायची गरजच नाही, रक्त सांगेल.

म्हणजे आता माझ्या बोलण्याला किंमत नाही, रक्ताच्या बोलण्याला आहे. हे झोंबलं. पण राहायला मिळालं.

परवा बुधवारी पौडला रक्त द्यायचं आहे. भात पोटरीला आलं आहे, कापणीला मी इथं असेन की चौथ्या मजल्यावर, ते त्या कागदावर ठरेल. गेले आठ दिवस जेवण जात नाही. सूज उतरली आहे, आवाज बराच सुटला आहे, पण माझ्या अंगाच्या सांगण्यावर माझा स्वतःचाच विश्वास राहिलेला नाही. मागच्या वेळीही मला सगळं बरोबरच वाटलं होतं.

काल सुनीताचा फोन आला. बुधवारी किती वाजता निघायचं ते ठरवायला. ठरलं. ती फोन ठेवणार तेवढ्यात मी म्हणाले, तीन गोळ्या चुकल्यात. सर्वपित्रीला पहाटेपासून चुलीपुढं होते, तेव्हा एक. दोन कशा चुकल्या ते आठवत नाही, पण पाकिटात जादा उरल्यात.

तिच्या कारखान्याचा भोंगा मला फोनमधून ऐकू आला.

"यांना सांगू का?" तिनं विचारलं.

"सांग," मी म्हणाले.